जर-तरचे लिबरेटर

ग्वाल्हेरला गेलेला माणूस जयविलास पॅलेसमधली चांदीची आगगाडी बघून येतो, तशी मीही बघितली. जेवणाच्या लांबलचक टेबलावर रूळ, त्यावर इंजिन, मागे सात डबे आणि डब्यांवर शिंदे घराण्याच्या नावाची सात इंग्रजी अक्षरे. पंगतीतल्या पाहुण्यांपुढे ती ब्रँडी आणि सिगार घेऊन फिरायची. कुणी बाटली उचलली की थांबायची, ठेवली की पुढे निघायची. माधवराव शिंदे यांना आगगाड्यांचे विलक्षण वेड. वाड्यापुरती म्हणून सुरू झालेली त्यांची दोन फुटी रुळांची गाडी वाढत वाढत श्योपूरपर्यंत जवळजवळ दोनशे किलोमीटर गेली आणि २०२० पर्यंत लोकांना घेऊन धावली. खेळण्याचे खरे व्हायला वेळ लागत नाही, निदान राजाच्या घरी तरी!

असो. मला सांगायचे आहे ते आगगाडीबद्दल नाही, विमानांबद्दल.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माझ्या पत्नीचे एक दूरचे काका राहतात. चार पिढ्यांपूर्वी कोकणातून गेलेले घराणे. मराठी अजून घरात आहे, फक्त तिला हिंदीचा हलका हेल आलाय. वय ऐंशीच्या पुढे, हात मात्र स्थिर. चहा झाल्यावर म्हणाले, "जावईबापू, वर चला. तुम्हाला आमचा कारखाना दाखवतो."

माडीवरच्या खोलीत खिडकीपाशी टेबल. त्यावर बारीक करवत, चिमटे, पॉलिश पेपर, पुट्टीच्या ट्यूबा, रंगांच्या इवल्याशा बाटल्या. भिंतीवरच्या फळीवर विमाने. काका प्लॅस्टिकची किट आणून मॉडेल बनवतात, हे मला माहीत होते. पण ही विमाने जशीच्या तशी नव्हती. सगळी एकाच जातीची, दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन बॉम्बफेकी 'लिबरेटर', आणि प्रत्येक काहीतरी वेगळेच झालेले. एकाच्या शेपटीवरचे दोन उभे पंखे कापून मध्ये एकच उंच पंखा बसवलेला. एक पिवळेजर्द, टोळधाडीवर औषध फवारणारे. आणि एक पांढरेशुभ्र: बंदुकांचे बुरूज काढून टाकलेले, पोटाची दारे बुजवलेली, अंगाला ओळीने खिडक्या पाडलेल्या आणि शेपटीवर सूर्य आणि दोन बाजूंना फणा काढलेले नाग. शिंद्यांची मुद्रा!

"हे काय काका?"

"ग्वाल्हेर संस्थानची विमान कंपनी. झाली असती तर."

जगभर अशी मॉडेले करणारे लोक आहेत, हे मला त्या दिवशी कळले. या प्रकाराला 'व्हॉट-इफ' म्हणतात. खऱ्या विमानाचे किट घ्यायचे आणि जे कधी झालेच नाही ते करायचे. युद्धातली बॉम्बर विमाने यांची विशेष आवडती. अंग मोठे, आत जागा भरपूर, कापाकापीला वाव. लिबरेटरचे पंख खरोखरचे ३३ मीटर आणि वर थोडे. बहात्तरास एक या प्रमाणात ते साडेसेहेचाळीस सेंटिमीटर भरतात, म्हणजे एका मॉडेलने अर्धी फळी अडते. काकूंची तक्रार तीच.

मी इतिहासाचा वाचक. शाळेत मास्तरांनी घोकून घेतलेले वाक्य तोंडातून गेलेच, "पण काका, इतिहासात जर-तरला स्थान नसते."

काका हसले. म्हणाले, "कानपूरची गोष्ट ठाऊक आहे?"

थोडीफार होती. पण त्या खोलीत, ती विमाने समोर ठेवून ऐकली तेव्हा वेगळी वाटली. युद्ध संपले तेव्हा ब्रिटिश हवाई दलाकडची लिबरेटर विमाने अमेरिकेने उसनवार दिलेली होती. करार असा, की काम झाले की परत करायची नाहीतर निकामी करायची. हिंदुस्थानातली बरीचशी विमाने कानपूरच्या चकेरी तळावर गोळा केली आणि मोडली. कुठे बुलडोझर घातला, कुठे इंजिनात वाळू ओतली, अशा कथा आहेत. पुन्हा कुणी उडवू नये एवढी काळजी घेऊन मंडळी निघून गेली.

मग देश स्वतंत्र झाला, काश्मिरात लढाई पेटली आणि नव्या हवाई दलाकडे एकही जड बॉम्बर नव्हते. १९४८ साली बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची माणसे त्या भंगारात शिरली. याची शेपटी, त्याचे चाक, तिसऱ्याचे इंजिन असे जमवत एकेक विमान कसेबसे उडण्याजोगे केले. कानपूरहून बंगळूरला ती उडवत नेली कंपनीचे मुख्य चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी. लिबरेटर चालवण्याचे शिक्षण त्यांना कुणी दिलेले नव्हते. बंगळूरला नीट दुरुस्ती झाली आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये हवाई दलाचे पाचवे स्क्वाड्रन त्या विमानांवर उभे राहिले. पुढे पुण्याच्या लोहगावला सहावे स्क्वाड्रन त्यांच्यावरच समुद्राची टेहळणी करत असे. १९६८ अखेर ती निवृत्त झाली, तोवर जगात बाकी सगळीकडे लिबरेटर भंगारात गेली होती. अठरा हजारांहून जास्त बनवली होती! आज ब्रिटन, कॅनडा, अमेरिकेच्या संग्रहालयांत जी मोजकी शाबूत आहेत, त्यांतली बरीच भारताकडून गेलेली. एक दिल्लीत पालमला आहे.

"आता सांगा," काका म्हणाले, "१९४७ साली कुणी मॉडेलवाल्याने लिबरेटरवर आपले तिरंगी वर्तुळ रंगवले असते, तर तुम्ही काय म्हणाला असता? जर-तर!"

मी गप्प.

शेपटी बदललेल्या विमानाबद्दल विचारले, तर तेही निव्वळ कल्पनेतले नव्हते. अमेरिकनांनीच लिबरेटरची एकपंखी शेपटीची आवृत्ती आरमारासाठी काढली आणि त्याच शेपटीचे एक प्रवासी विमानही बनवून पाहिले, पण ते चालले नाही. खिडक्यांचे लिबरेटर युद्धातच माणसे आणि सामान नेत होते. चर्चिल ज्यातून हिंडत, ते 'कमांडो' लिबरेटरच. म्हणजे काकांनी नवीन काय केले? फक्त मुद्रा रंगवली.

आणि ग्वाल्हेरला ती शोभतेही. १९३०च्या दशकाअखेरीस इंपीरियल एअरवेजची कराचीहून कलकत्त्याला जाणारी समुद्री विमाने इथल्या तलावात उतरत. समुद्रापासून शेकडो मैल दूर! त्यांच्याच कारखान्यातले, त्यांचेच भावंड शोभणारे सुंदरलँड युद्धात पाणबुड्या शोधत फिरले, आणि युद्धानंतर त्यातली काही पुन्हा प्रवासी झाली.

जर-तरचा नाद आम्हा गोवेकरांनाही जुनाच. फ्रेंचांनी १९५४ साली पुदुच्चेरी सोडली, तशी सालाझारने गोवा सोडली असती तर १८ डिसेंबर १९६१ला दाबोळीच्या धावपट्टीवर कॅनबेरा विमानांनी बॉम्ब टाकले नसते, ही चर्चा मी लहानपणापासून ऐकत आलोय. मराठी वाचकाला तर जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत पानिपत जिंकूनच दाखवले. आणि ग्वाल्हेर? महादजी शिंदे १७६१ साली पायाला जखम घेऊन पानिपतावरून जिवंत निसटले. निसटले नसते तर तो राजवाडा, ती आगगाडी आणि काकांची माडी, काहीच तिथे नसते.

पण मॉडेलचे जर-तर गप्पांतल्या जर-तरपेक्षा कडक असते, हे मला टेबलापाशी बसल्यावर पटले. गप्पांत काहीही चालते. इथे बुरूज काढला की शेपटीला भोक पडते, ते बुजवावे लागते. खिडकी कुठे पाडायची हे आत माणूस कसा बसेल त्यावरून ठरते. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळे खरे ठेवायचे.

म्हणूनच मला राहवले नाही. म्हटले, "काका, एक शंका. ही विमाने उडण्याजोगी झाली नोव्हेंबर १९४८ मध्ये. ग्वाल्हेर संस्थान त्याच वर्षी मे महिन्यात मध्य भारतात विलीन झाले. जिवाजीराव राजप्रमुख झाले. मग मुद्रा रंगवणार कोण?"

काका बराच वेळ त्या पांढऱ्या विमानाकडे बघत राहिले. चश्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सहा महिन्यांनी चुकलो म्हणायचे," एवढेच बोलले. मला उगाच अपराधी वाटले. जेवताना विषय निघाला नाही.

गोव्याला परतल्यावर पंधरा दिवसांनी त्यांचा फोन. आवाज खणखणीत. "जावईबापू, नाग खरवडले. 'मध्य भारत' लिहिलेय, देवनागरीत. पण अक्षरे जरा मोठी झालीत, 'त' खिडकीवर येतोय. काय करू?"