‘नामा म्हणे’मधला नामा कोण? होमरचा प्रश्न आणि हिंगोलीचे नामदेव

अभंगाची पोस्ट शेअर करताना खाली कवीचं नाव वेगळं टाकावं लागत नाही. शेवटी ‘नामा म्हणे’ आलं की अभंग नामदेवांचा, ‘तुका म्हणे’ आलं की तुकोबांचा. कवीने आपलं नाव कवितेतच गुंफण्याच्या या पद्धतीला नाममुद्रा म्हणतात. सोय मोठी आहे, पण घोळही इथूनच सुरू होतो.

आधी ग्रीसकडे बघू. ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ ही दोन महाकाव्यं होमरच्या नावावर आहेत. दोन्ही मिळून साडेसत्तावीस हजारांहून जास्त ओळी, पण त्यात होमर हे नाव एकदाही येत नाही. कवी सुरुवातीला म्यूज या काव्यदेवतेला आवाहन करतो, आपल्याकडे मंगलाचरण करतात तसं, आणि मग बाजूला होतो. त्यामुळे होमर एकच होता की अनेक, की तो नुसतं एका परंपरेचं नाव आहे, यावर अभ्यासक शतकानुशतकं वाद घालत आले आहेत. यालाच ‘होमरचा प्रश्न’ म्हणतात. त्याच्या जन्मगावावर सात शहरांनी हक्क सांगितला होता म्हणे!

नामदेवांचं नाव मात्र अभंगाअभंगात आहे. तरी प्रश्न सुटत नाही.

परंपरेनुसार नामदेवांचा काळ 1270 ते 1350. वडील दामाशेटी, आई गोणाई, व्यवसाय शिंप्याचा. हिंगोली जिल्ह्यातलं, कयाधू नदीकाठचं नरसी हे त्यांचं गाव मानलं जातं आणि आता ते नरसी नामदेव म्हणूनच ओळखलं जातं. काही अभ्यासक मात्र जन्म पंढरपूरचा मानतात. त्यांच्या नावावर दोन हजारांहून अधिक अभंग छापले गेले आहेत, पण ते सगळे एकाच माणसाचे नाहीत. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा हा दुसरा कवी होऊन गेला. त्याने महाभारत मराठी ओव्यांत आणलं. त्याचीही मुद्रा ‘नामा’, त्यामुळे त्याच्या रचना मूळ नामदेवांच्या गाथेत मिसळल्या. शिवाय कीर्तनातून अभंग तोंडोतोंडी फिरले. गाणाऱ्याने जुन्या वळणावर नवा अभंग रचला आणि शेवटी नामदेवांचं नाव घातलं, तर त्याला कुणी चोरी म्हणत नव्हतं. आजच्या फेक कोट्ससारखा हा प्रकार वाटेल, पण भावना उलटी होती: श्रेय दुसऱ्याला देण्याची.

मुद्रेचं एक तांत्रिक कामही असतं. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. ‘नामा म्हणे’ चार अक्षरं, म्हणजे सहाच्या चरणात दोनच अक्षरं जुळवायची उरतात. ‘एका जनार्दनी’ मोजून पाहा, सहा अक्षरं, पूर्ण चरणच. देवाच्या नावांचंही तसंच: विठ्ठल तीन, पांडुरंग चार, पंढरीनाथ पाच. जागा असेल तसं नाव बसवता येतं.

होमरच्या काव्यात अकिलीस पुन्हा पुन्हा ‘चपळ पायांचा’ असतो, कथेत तो नुसता बसलेला असला तरी. अशा ठरलेल्या विशेषणांना एपिथेट म्हणतात. मिलमन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने विसाव्या शतकात दाखवलं की ही विशेषणं वृत्तात नेमकी बसणारी आहेत आणि तोंडी रचणाऱ्या गायकांच्या परंपरेतून आली आहेत. पुढे त्याने युगोस्लाव्हियातल्या गायकांची गाणी प्रत्यक्ष रेकॉर्डही केली.

आता पात्रं. ‘ओडिसी’त डेमोडोकस नावाचा अंध गायक आहे. त्याच्या तोंडून ट्रॉयची, म्हणजे आपलीच, कथा ऐकून ओडिसियस रडतो. नामदेव तर स्वतःच आपल्या कथेतलं पात्र आहेत, आणि तेही फजिती झालेलं. संतमेळ्यात गोरोबा कुंभार थापटण्याने एकेकाचं डोकं ठोकून पाहतात आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरतं. रागावलेले नामदेव पुढे औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे जातात, तर हे गुरू पिंडीवर पाय ठेवून झोपलेले! पाय उचलून जिथे ठेवावेत तिथे पिंड दिसते, आणि नामदेवांना हवं ते उत्तर मिळतं. औंढ्याचं देऊळ नामदेवांच्या कीर्तनासाठी फिरलं ही आख्यायिका याच मंदिराची.

मुद्रेची सगळ्यात हळवी बाजू जनाबाईंकडे दिसते. गंगाखेडच्या जनाबाई दामाशेटींच्या घरी कामाला होत्या. त्यांची मुद्रा ‘नामयाची जनी’. हीसुद्धा सहा अक्षरं. कवयित्री आपल्या ओळीत आपल्याआधी मालकाचं नाव लिहिते, आणि तरी आज जात्यावरच्या कष्टांची आठवण निघते तेव्हा लोक जनीचंच नाव घेतात.

नामदेवांची 61 पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्याचं मूळ संकलन 1604 मध्ये झालं. पंजाबातल्या घुमान गावी नामदेवांनी बराच काळ काढला असं परंपरा सांगते, आणि 2015 मध्ये 88वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं. त्या पदांतही मुद्रा नामदेवांचीच आहे, भाषा मात्र मराठी नाही.