हिस्पॅनिक कुटुंबांची घरमालकी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मेक्सिको, प्वेर्तो रिको, क्यूबा इत्यादी स्पॅनिश भाषक प्रदेशांत मूळ असलेल्या कुटुंबांतील घरमालकीचे प्रमाण आणि ते वाढवण्याचे प्रयत्न. २०२० च्या जनगणनेनुसार हा समाज लोकसंख्येच्या १८.७ टक्के आहे. त्यातील जवळपास निम्मी कुटुंबे स्वतःच्या घरात राहतात. हिस्पॅनिकेतर श्वेतवर्णीयांत हे प्रमाण सुमारे तीन-चतुर्थांश आहे.

पार्श्वभूमी : १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर लॉस एंजेलिसच्या बॉइल हाइट्ससारख्या वस्त्यांना लाल रंग देऊन त्या कर्जासाठी धोक्याच्या ठरवल्या गेल्या. टेक्सासच्या सीमेवरील ‘कोलोनिया’ वस्त्यांत नळ व सांडपाण्याची सोय नसलेले भूखंड हप्त्यांनी विकले जात. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विक्रेत्याकडेच राही आणि हप्ता चुकला तर भरलेले सारे पैसे बुडत. घरांच्या व्यवहारातील भेदभावावर १९६८ च्या कायद्याने बंदी आली.

वाढ व घसरण : १९९० च्या दशकाच्या मध्यापासून सरकारने घरमालकीला उत्तेजन दिले. हिस्पॅनिकांतील प्रमाण २००७ च्या सुमारास ५० टक्क्यांजवळ पोहोचले. मात्र या घरांसाठी घेतलेली अनेक कर्जे सबप्राइम, म्हणजे कमी पत असलेल्यांना चढ्या व्याजाने दिलेली होती. त्यांपैकी अनेकांचा सुरुवातीचा हलका हप्ता पुढे एकदम वाढे. त्यानंतर आलेल्या मंदीत बांधकामावरील रोजगारही गेला आणि कॅलिफोर्निया, नेवाडा, अ‍ॅरिझोना व फ्लोरिडात जप्त्यांची लाट आली. २०१५ पर्यंत प्रमाण ४५-४६ टक्क्यांवर घसरले. नंतर ते पुन्हा वाढले. दरम्यान, २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने कर्जदाराची परतफेडीची ऐपत तपासणे बँकांना बंधनकारक केले.

अडचणी व उपाय : रोखीची मजुरी, कर्जाचा पूर्वेतिहास नसणे, डाऊन पेमेंटची जुळवाजुळव आणि इंग्रजी कागदपत्रे हे मुख्य अडसर आहेत. सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्यांना काही बँका व पतसंस्था करदाता क्रमांकावर कर्ज देतात. स्पॅनिशमधून मोफत वा अल्प शुल्कात सल्ला देणारी मान्यताप्राप्त केंद्रेही आहेत. कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात ‘सेल्फ-हेल्प एंटरप्रायझेस’ ही संस्था १९६५ पासून शेतमजूर कुटुंबांना गटाने घरे बांधायला मदत करते. गटातली सगळी घरे पूर्ण झाल्यावरच सर्व जण राहायला जातात आणि अंगमेहनत हेच डाऊन पेमेंट धरले जाते.

मूल्यमापन : मंदीचा अनुभव पाहता, किती कुटुंबांनी घर घेतले यापेक्षा किती कुटुंबांकडे ते टिकले, हीच या प्रयत्नांची खरी कसोटी आहे.