थुंबा : एक ग्रामनाम आणि एक अग्निबाणकेंद्र

स्थलनामांचा अभ्यास करणारास असे वारंवार आढळते की, नव्या कीर्तीखाली नामाचा जुना अर्थ झाकला जातो. तिरुवनंतपुरमजवळील थुंबा हे त्याचे ठळक उदाहरण होय. मलयाळम् भाषेत हा शब्द द्रोणपुष्पीचा वाचक आहे. ओणमच्या पुष्परांगोळीत तिच्या इवल्या पांढऱ्या फुलांस मान असतो. आज मात्र हे नाव उच्चारताच फूल आठवत नाही, अग्निबाण आठवतो.

किनाऱ्यावरील ह्या कोळीवस्तीची निवड होण्याचे कारण भौगोलिक होते. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त येथून जवळच जाते, आणि त्याच्या वर सुमारे १०० ते ११० कि.मी. उंचीवर दिवसा विजेचा एक अरुंद परंतु प्रबळ प्रवाह वाहतो. तेथवर फुगे पोहोचत नाहीत. कृत्रिम उपग्रह त्याहून बरेच वर फिरतात. तेव्हा त्या थरात शिरून मापन करावयाचे, तर लहान अग्निबाणांवाचून गत्यंतर नव्हते. डॉ. विक्रम साराभाई यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या ह्या स्थलनिश्चितीत मूळचे कोल्हापूरचे डॉ. एकनाथ चिटणीस यांचा महत्त्वाचा वाटा होता.

परंतु ही भूमी रिकामी नव्हती. तीवर मेरी मॅग्डलीनचे चर्च होते आणि मच्छीमारांची घरे होती. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी हा विषय रविवारच्या उपासनेच्या वेळी लोकांपुढे मांडला. लोकांनी संमती दिली व वस्ती अन्यत्र गेली. चर्चची वास्तू पाडली गेली नाही. तीच केंद्राची पहिली कार्यशाळा झाली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी येथून पहिला अग्निबाण उडाला. तो अमेरिकेचा होता, आणि त्यातील सोडियम-बाष्पाची सामग्री फ्रान्सची. आपली होती ती भूमी, आणि शिकू पाहणारी माणसे.

ह्या शिक्षणाचे फळ लवकरच दिसले. २० नोव्हेंबर १९६७ रोजी केवळ ७५ मि.मी. व्यासाचा ‘रोहिणी’ हा भारतीय बनावटीचा अग्निबाण येथून उडाला. २ फेब्रुवारी १९६८ रोजी श्रीमती इंदिरा गांधी यांनी हे केंद्र संयुक्त राष्ट्रसंघास अर्पण केले. घन इंधनाच्या संशोधनात डॉ. वसंत गोवारीकर यांनी येथेच मोलाची भर घातली. साराभाईंच्या निधनानंतर, १९७२ साली, येथील संस्थांच्या समूहास त्यांचे नाव मिळाले. तेथेच सिद्ध झालेल्या प्रक्षेपकाने १९८० साली श्रीहरिकोट्याहून रोहिणी उपग्रह कक्षेत नेला.

अशा केंद्राचे कार्य सांगताना आपण उड्डाणे मोजतो व शास्त्रज्ञांची नावे घेतो. ते योग्यच आहे. परंतु ‘योगदान’ ह्या शब्दात ‘दान’ आहे, हे विसरून चालणार नाही. पहिल्या उड्डाणापूर्वीच ज्यांनी आपले घर आणि उपासनास्थान सोडले, त्यांची नावे कोणत्याही यशाच्या यादीत येत नाहीत. चर्चच्या त्या वास्तूत आज अवकाशविज्ञानाचे संग्रहालय आहे. ह्या केंद्राच्या इतिहासाचे पहिले प्रकरण कोळीवस्तीपासूनच लिहिले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.