नाचून झालेली धावपट्टी

एव्हरेस्टच्या वाटेवर निघालेला माणूस बहुधा लुक्लाला उतरतो. १९६४ साली एडमंड हिलरींनी तिथं धावपट्टी करायला घेतली, तेव्हा त्यांच्या मनात पर्यटक नव्हते. खुंबू भागात शाळा आणि दवाखाना उभारायचा होता, आणि हमालांच्या पाठीवरून सामान यायला कित्येक दिवस लागत. त्यांना सपाट शेतजमीन हवी होती. शेतकरी द्यायला तयार झाले नाहीत. मिळाली ती डोंगराची उतरण. झाडझाडोरा काढला, पण माती भुसभुशीत. मग हिलरींनी शेर्पांना बोलावलं आणि पाय आपटत नाचायला सांगितलं. आपल्याकडे खळं चोपून करतात, तशी ती पट्टी नाचून झाली. मला तर हा प्रसंग एव्हरेस्टच्या चढाईइतकाच आवडतो.

पट्टी जेमतेम ५२७ मीटर लांब. एका टोकाला दरी, दुसऱ्या टोकाला डोंगराची भिंत. शंभर मीटर पुढं गेलं की जवळपास बारा मीटर वर, एवढा चढ. उतरणाऱ्या विमानाला हा चढच थोपवतो. पण तोच डोळ्यांना फसवतोही. चढती पट्टी समोर आली की वैमानिकाला आपण फार उंचावर आहोत असं वाटतं आणि तो नकळत खाली येऊ लागतो. शेवटच्या क्षणी विमान पुन्हा वर उचलावं, तर समोर डोंगर.

ऑक्टोबर १९७३मध्ये इथं एक ट्विन ऑटर मोडीत निघालं. आतली माणसं वाचली. अशा वेळी बोल मातीला लागतो. कच्ची पट्टी, दुसरं काय होणार! २००१मध्ये ती डांबरी झाली. जानेवारी २००८मध्ये हिलरी वारले, विमानतळाला तेनझिंग-हिलरी नाव मिळालं. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला धुक्यातून आलेलं ट्विन ऑटर पट्टीच्या अलीकडेच आदळून पेटलं. १९ पैकी १८ जण गेले, एकटा कॅप्टन वाचला. मे २०१७मध्ये एक मालवाहू विमान असंच पट्टीच्या अलीकडे आदळलं. त्याचे दोन्ही वैमानिक गेले. त्याही दिवशी ढग होते.

डांबर चाकांच्या कामाचं. चाकं टेकण्याआधीच्या चार-दोन क्षणांत त्याचा काय उपयोग? दरीतला ढग बघता बघता वर येतो, म्हणून लुक्लाची उड्डाणं शक्यतो सकाळीच उरकतात. २००८चं ते विमान सकाळी साडेसातच्या सुमारास आलं होतं.