प्वाँकारे, पण कोणते?

पहिल्या महायुद्धाच्या काळातला एक किस्सा सांगतात. बर्ट्रंड रसेलना कुणीतरी विचारलं, आधुनिक फ्रान्सचा सर्वांत थोर माणूस कोण? ते म्हणाले, प्वाँकारे. विचारणारा उडालाच, "काय? तो राष्ट्राध्यक्ष?" रसेलच्या मनात होते गणिती आंरी. समोरच्याला आठवले त्यांचे चुलतभाऊ रेमाँ!

आडनाव तसं दुर्मीळच, म्हणून तर हा घोटाळा. दोघंही लोरेन प्रांतातले. आंरी १८५४ साली नान्सीत जन्मले, रेमाँ १८६० साली बार-ल-द्युकमध्ये. १८७० च्या युद्धात जर्मन सैन्य दोघांच्याही गावात शिरलं. सोळा वर्षांचा आंरी तेव्हा वर्तमानपत्रं वाचता यावीत म्हणून जर्मन शिकला. दहा वर्षांचा रेमाँ पुढे पंतप्रधान झाला आणि १९२३ मध्ये त्याने जर्मनीच्या रूर भागात सैन्य घुसवलं.

पण मला जास्त बोलायचंय ते ड्रेफस प्रकरणावर. १८९४ मध्ये या ज्यू कॅप्टनला हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली, तेव्हा रेमाँ अर्थमंत्री होते. संसदेत उठून त्यांनी मन मोकळं केलं ते थेट नोव्हेंबर १८९८ मध्ये. चार वर्षं! वकील माणूस, त्याला एवढा वेळ लागावा?

आंरी राजकारणापासून लांबच असायचे. पण बर्तियों नावाच्या पोलीस तज्ज्ञाने अजब सिद्धांत मांडला होता: चिठ्ठीतलं अक्षर ड्रेफसचंच, फक्त त्याने स्वतःच्याच अक्षराची नक्कल केलीय. वर संभाव्यतेचं गणितही जोडलेलं. इथे मात्र आंरींना राहवलं नाही. १८९९ च्या फेरखटल्यात त्यांचं पत्र वाचलं गेलं: या गणिताला शास्त्रीय आधार नाही. कोर्टाने तरीही ड्रेफसला दोषीच ठरवलं. मग १९०४ मध्ये आंरींसह तिघा गणितज्ञांनी ती सगळी आकडेमोड तपासून निकालात काढली. १९०६ मध्ये ड्रेफस निर्दोष सुटला.

तिसरे प्वाँकारे म्हणजे रेमाँचे धाकटे भाऊ ल्युसियाँ, पदार्थवैज्ञानिक. आणि आंरींची बहीण आलीन? तिचं लग्न तत्त्वज्ञ एमिल बुत्रूंशी झालं, त्यामुळे या आडनावाच्या यादीत ती सापडतच नाही.

आज पॅरिसच्या उच्चभ्रू सोळाव्या विभागात रेमाँच्या नावाचा हमरस्ता आहे. आंरींच्या नावाचा छोटासा रस्ता शोधायचा, तर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, विसाव्या विभागात जावं लागतं.