सात हाली, सहा कलदार

मागच्या दिवाळीनंतर काकांचा फोन आला. "वरच्या खोलीतलं ते डेस्क भंगारात देऊन टाकायलो. तुला पाहिजे असलं तर बघ." परभणीच्या आमच्या घरात वरची खोली म्हणजे टाकून देववत नाही अशा सगळ्या वस्तूंची जागा. हे डेस्क माझ्या पणजोबांचं. सेलूला कापसाच्या एका अडतीवर ते मुनीम होते. गादीवर मांडी घालून बसायचं आणि पुढ्यात ठेवून लिहायचं, असं उतरत्या झाकणाचं बुटकं सागवानी डेस्क. झाकण उचललं की आत वह्यांची जागा, आणि डाव्या बाजूला लाकडातच कोरलेल्या दोन वाट्या.

मी लगेच हो म्हणालो. त्यात इतिहासाचं प्रेम वगैरे काही नव्हतं. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मला लॅपटॉपसाठी टेबल हवं होतं, आणि नेटवर जुन्या सागवानाच्या टेबलांच्या किमती बघून डोळे पांढरे झाले होते. परभणीतल्याच एका मिस्त्रींना फोटो आणि हातानं काढलेलं चित्र पाठवलं. झाकण सपाट करून खाली चार पाय लावायचे, वायरीसाठी मागं भोक पाडायचं, वरची सनमायका काढून सगळं आतूनबाहेरून घासायचं आणि पीयू पॉलिश करायचं. नऊ हजारांत ठरलं. ऑफिसात रिक्वायरमेंट लिहितो तसंच लिहिलं होतं, आणि तिथं होते तीच चूक इथंही झाली. आधीच्या माणसानं एखादी गोष्ट तशी का केली असेल, हे न विचारताच ती बदलायला सांगितली.

शनिवारी सकाळी रात्रीच्या गाडीनं उतरून थेट मिस्त्रींच्या दुकानात गेलो. तोवर सनमायका निघाली होती. काकांनी ती ऐंशीच्या दशकात बसवलेली, कारण तेव्हा जुनं लाकूड दिसणं हे गरिबीचं लक्षण होतं. तिच्याखाली सरकारी कपाटांना असतो तसा हिरवा ऑइलपेंट होता. त्याच्याखाली तांबूस, काळवंडलेला एक थर. मिस्त्रींनी स्पिरिटचा बोळा फिरवला तशी त्याला चिकटी सुटली. म्हणाले, "लाखेचं पॉलिश हाय दादा. चपडा लाख स्पिरिटात विरघळवून कापडानं घासायची. आता कोण घासतंय?" ही लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या किड्याचा स्राव. आणि सगळ्यात खाली सागवान. कोपऱ्यांत एकही खिळा नव्हता. एका फळीत खाच पाडून दुसरीचं टोक तिच्यात बसवलेलं आणि वरून लाकडाची खुंटी ठोकलेली. इतकी वर्षं झाली तरी सांधा हलत नव्हता.

एक थर उचलला की वीस-पंचवीस वर्षं मागं जायचं, असं चाललं होतं. मला भलतीच मजा येत होती. मग मिस्त्रींनी झाकण उलटं केलं.

झाकणाच्या आतल्या बाजूला पॉलिश नव्हतं, कोरं लाकूड होतं. त्याच्या वरच्या निम्म्या भागात बोरूनं लिहिलेल्या बारीक काळ्या ओळी, आणि खालचा निम्मा भाग नव्या पाटासारखा स्वच्छ. आदल्या संध्याकाळी दुकानातल्या पोरानं आतून सँडर फिरवायला घेतला होता, तेवढ्यात लाइट गेली म्हणून तो निम्म्यावर थांबला. बिचारा मला दाखवत होता, बघा किती सफाई आलीय. त्याला काय बोलणार? 'आतूनबाहेरून घासणे' हे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

अक्षरं मोडी होती, ती मला येत नाही. पण आकडे वाचता येत होते. डावीकडे १३४३, १३४४ असं करत १३५० पर्यंत. उजवीकडे ११६, ११६, ११७, परत ११६, आणि पुढे एक, दोन किंवा तीन उभ्या रेघा. या रेघा म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, एवढं आजोबांच्या जुन्या वह्यांमुळे माहीत होतं. पण १३४३ काय? शक धरला तर इसवी सन १४२१ येतं, म्हणजे डेस्क थेट बहमनी सुलतानांच्या काळातलं :) हिजरी धरलं तर १९२४, पण तेव्हा पणजोबा अजून शाळेत होते.

घरी येऊन आजीला फोटो दाखवला. तिचं वय अठ्ठ्याऐंशी. ऐकू कमी येतं, बाकी सगळं शाबूत आहे. म्हणाली, "शक कशाचा? फसली हाय ते. पाचशे नव्वद मिळव." १३४३ अधिक ५९० म्हणजे १९३३. निजामाच्या राज्यात सरकारी वर्ष फसली असायचं. ते ऑक्टोबरात सुरू व्हायचं आणि त्याचे महिने आझूर, दै, बहमन असे इराणी नावांचे. आणि ११६? "बट्टा असंल," आजी म्हणाली. "सात हालीचे सहा कलदार म्हणायचे आमच्या वेळी."

मी फोनवर भागाकार केला. सात भागिले सहा, गुणिले शंभर. ११६.६७.

आता जरा इतिहास. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानाची स्वतःची रेल्वे होती, टपाल होतं, जकातीचं करोडगिरी नावाचं खातं होतं आणि स्वतःचा रुपयाही होता. त्याला हाली सिक्का म्हणत. हाली म्हणजे सध्या चालू असलेला. आपण 'हल्ली' म्हणतो तो शब्द याच मुळाचा. पुढच्या काळातल्या हाली रुपयावर चारमिनार असायचा. इंग्रजांचा रुपया तो कलदार, म्हणजे कळीनं, यंत्रानं पाडलेला. नंतर निजामाच्या टांकसाळीतही यंत्रं आली, तरी नावं तीच राहिली.

सेलूच्या अडतीवर हे दोन्ही रुपये रोज समोरासमोर यायचे. १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद मीटरगेज सुरू झाली आणि सेलू, मानवत, परभणीचा कापूस मुंबईच्या वाटेला लागला. मनमाडला गेज बदलायचा, म्हणून गाठी एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवायच्या. पैशाचंही तसंच. मुंबईचा व्यापारी कलदार द्यायचा, शेतकऱ्याला हाली लागायची. शंभर कलदाराला हाली किती, हा आकडा हंगामाप्रमाणे थोडा खालीवर व्हायचा. कापूस बाजारात आला की हालीला मागणी यायची. पाव रुपयाचा फरक ऐकायला काहीच नाही, पण हजारोंच्या उलाढालीत मुनीमाची नोकरी त्या पावावर असायची. 'नावाला बट्टा लागला' आपण सहज म्हणतो, तो बट्टा मुळात या नाणेबदलीतला.

म्हणजे पणजोबांनी वह्या सोडून झाकणाच्या आत हे लिहिलं होतं, कारण झाकण उचललं की दर डोळ्यासमोर. आम्ही मॉनिटरच्या कडेला पिवळ्या चिठ्ठ्या लावतो, तसं. आणि त्या दोन वाट्या? आजीचं म्हणणं, एक हालीची, एक कलदारची. ते पटण्यासारखं आहे.

आता निम्म्या स्वच्छ भागाचं दुःख सांगतो. पणजोबा त्या अडतीवर १९४८ पर्यंत होते. ओळी १३५० ला, म्हणजे १९४०-४१ ला, संपत नसणार. सँडर तिथं थांबला होता. त्याखाली जे होतं त्यात १३५७ फसली असणार. ते ऑक्टोबर १९४७ पासूनचं वर्ष. २९ नोव्हेंबर १९४७ ला हैदराबादनं भारताशी जैसे थे करार केला, आणि त्यानंतर लवकरच वटहुकूम काढून भारतीय रुपया संस्थानात बेकायदा ठरवला. दिल्लीनं याला करारभंग म्हटलं. पुस्तकांत हे एका वाक्यात येतं. पण ज्या माणसाचं सगळं काम कलदार घेऊन हाली द्यायचं, त्यानं त्या दिवशी काय लिहिलं असेल? दर लिहिला, की रेघ ओढली, की चोरटा भाव लिहिला? एकीकडे रझाकारांची दहशत, दुसरीकडे सरहद्दीवर नाकेबंदी. त्याच उन्हाळ्यात आमचं घर वऱ्हाडच्या हद्दीत, वाशीमकडे, नातेवाइकांकडे निघून गेलं होतं. पणजोबा एकटे मागं राहिले. का राहिले, ते घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. १७ सप्टेंबर १९४८ नंतर सगळे परत आले, आणि पुढे पन्नासच्या दशकात हाली चलनातूनच गेली. त्या वर्षाचा त्यांच्या हातचा एकच कागद आमच्याकडे होता, आणि तो लाकडाचा होता.

मोडी वाचणाऱ्या एका मित्राला उरलेल्या ओळींचे फोटो पाठवले. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समिती निजामकाळच्या कुणबी नोंदी शोधायला लागली, तेव्हापासून मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना मराठवाड्यात एकदम भाव आलाय. तरी त्यानं दोन दिवसांत उत्तर दिलं: महिन्यांची नावं आणि 'शंभरास', बाकी काही नाही.

दुपारी परत दुकानात गेलो आणि ऑर्डर बदलली. पाय नकोत, भोक नको, झाकण उतरतंच राहू द्या, आतल्या बाजूला हात लावू नका. मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. "मग पैसे कशाचे देताव?" वास्तविक त्यांचं बरोबर होतं. इंग्लंडात १८७७ साली विल्यम मॉरिस आणि मंडळींनी जुन्या इमारती वाचवायला संस्था काढली. नूतनीकरणाच्या नावाखाली जुन्या चर्चच्या भिंती खरवडून नव्यासारख्या करायची तेव्हा लाट होती. हे लोक तिच्या विरोधात म्हणून त्यांना 'खरवडविरोधी' असं टोपणनाव पडलं. मिस्त्रींना मी हे सांगितलं नाही. एवढंच म्हणालो की बिजागऱ्या दुरुस्त करा, हिरवा रंग हळूहळू स्पिरिट आणि पात्यानं काढा, लाख जिथं उरलीय तिथं राहू द्या, आणि वरून जवसाचं तेल.

"हे तं जास्त काम झालं," ते म्हणाले. आणि खरंच जास्त झालं. नऊचे साडेअकरा हजार झाले, सहा आठवडे लागले. पण काम त्यांनी मन लावून केलं. एक तुटलेली खुंटी बदलायला त्यांनी स्वतःहून जुन्या तुळईचं सागवान शोधलं. किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ साली, लोकांनी भीतीनं माळवदाची घरं पाडली तेव्हा असं लाकूड ढिगानं विकलं गेलं. त्यातली एक तुळई त्यांच्या वडिलांनी घेऊन ठेवली होती.

डेस्क आता पुण्यात आहे. लॅपटॉप त्यावर ठेवला की घसरतो, त्यामुळे मी अजून डायनिंग टेबलवरच काम करतो. परवा रात्री लाइट घालवून, टॉर्च झाकणाला अगदी आडवा धरून तो घासलेला भाग बघितला. बोरू दाबला गेला असेल तर ओरखडा उरतो असं कुठंतरी वाचलं होतं. एका ठिकाणी दोन उभ्या रेघा दिसल्या. ते अकरा असू शकतं, अर्ध्याची खूण असू शकते, किंवा लाकडाचीच रेषा. फोटोत तर काहीच येत नाही.

डावीकडच्या एका वाटीत घराच्या किल्ल्या ठेवतो, दुसरी रिकामीच आहे. हालीची वाटी कुठली, ते आजीला विचारायचं राहिलंय. रविवारी फोन करतो तेव्हा विचारेन.