हृदयाच्या शल्यविद्येची शाळा

एखाद्या मोठ्या सरकारी इस्पितळात नातेवाइकाला घेऊन गेला असाल, तर रात्री दोन वाजताही वॉर्डातून फिरणारे तरुण डॉक्टर तुम्ही पाहिले असतील. त्यांना 'रेसिडेंट' म्हणतात. रेसिडेंट म्हणजे रहिवासी. हे नाव काही उगाच पडलेलं नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरी १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स इस्पितळ सुरू झालं. तिथले शल्यप्रमुख विल्यम हॉल्स्टेड यांनी अशी रीत घातली की, शिकाऊ शल्यवैद्यानं इस्पितळातच राहायचं, आधी पाहायचं, मग हात लावायचा. किती वर्षं, हे आधी ठरलेलं नसे. खालच्या पायरीवर पुष्कळ जण असत, वरच्या पायरीला एखादाच पोचे.

छातीची शस्त्रक्रिया मात्र फार काळ कोणी वेगळी शिकवत नव्हतं. ते शिक्षण १९२८ साली मिशिगन विद्यापीठात जॉन अलेक्झांडर यांनी सुरू केलं, आणि तेही मुख्यतः क्षयाच्या रोग्यांसाठी. हृदयाला सुरी लावायची हिंमत अजून क्वचितच कोणी करी.

पुढची मोठी पायरी चढली गेली हॉपकिन्समध्ये. तिथल्या डॉ. हेलन टॉसिग यांच्याकडे ओठ-नखं निळी पडलेली बालकं येत. जन्मतःच हृदयात दोष, त्यात फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. पाटाचं तोंड बुजलं की शेत कोरडं पडतं ना, तसंच. टॉसिगबाईंचं म्हणणं असं की, दुसऱ्या पाटातून पाणी वळवा. हाताकडे जाणारी रक्तवाहिनी फुप्फुसाच्या वाहिनीला जोडायची. शल्यप्रमुख डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी ते काम पत्करलं. आणि जोड बसतो कसा, हे शोधून काढलं व्हिव्हियन थॉमस यांनी.

हे थॉमस डॉक्टर नव्हते; सुतारकाम केलेला कृष्णवर्णीय तरुण. कॉलेजसाठी साठवलेले पैसे मंदीत बँक बुडाल्यानं गेले. १९३० साली नॅशव्हिलला ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत ते लागले. काम संशोधनाचं, हुद्दा आणि पगार झाडूवाल्याचा! १९४१ साली ब्लेलॉक यांच्याबरोबर ते बाल्टिमोरला आले. तिथं गोऱ्या-काळ्यांची स्वच्छतागृहंसुद्धा वेगळी होती. आपल्याकडच्या पाणवठ्यांची आठवण ठेवणाऱ्याला याहून जास्त सांगायला नको. पांढरा कोट घालून ते आवारातून निघाले की लोक टक लावून पाहत.

थॉमस यांनी कुत्र्यांवर शेकडो वेळा हात बसवला. हव्या तेवढ्या बारीक सुया मिळत नव्हत्या, तेव्हा मोठ्या सुया तोडून, घासून त्यांनी लहान केल्या. सुताराचा हात तो! २९ नोव्हेंबर १९४४ रोजी सव्वा वर्षाच्या एका मुलीवर ती शस्त्रक्रिया झाली. सुरी ब्लेलॉक यांच्या हाती, पण त्यांच्या खांद्यामागे पायरीच्या स्टुलावर थॉमस उभे. टाका कुठं, कसा, हे ते सांगत होते. ती मुलगी पुढे काही महिनेच जगली. पण तिच्यामागून आलेल्या मुलांचे ओठ टेबलावरच गुलाबी झाले, आणि देशोदेशीचे आईबाप बाल्टिमोरची वाट धरू लागले.

पुढं हॉपकिन्सचे शिकाऊ शल्यवैद्य थॉमस यांच्या प्रयोगशाळेत टाके घालायला शिकले. पहिल्या शस्त्रक्रियेला हजर असलेला तरुण डॉक्टर डेंटन कूली याच शाळेतला. १९६९ साली त्यानं माणसाच्या छातीत कृत्रिम हृदय बसवलं. आपल्या मुंबईत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी के. ई. एम. इस्पितळात फेब्रुवारी १९६८मध्ये हृदयारोपण केलं, तेव्हा त्यांच्या पथकानंही आधी वर्षानुवर्षं कुत्र्यांवरच हात बसवलेला होता. रोगी काही तासच जगला. पण प्रयोगशाळेतून टेबलाकडे जायची ही वाट त्यांनीही सोडली नव्हती.

शिक्षकमंडळींना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ज्यांना थॉमस यांनी शिकवलं, ते विभागप्रमुख झाले; थॉमस मात्र पगार पुरेना म्हणून ब्लेलॉक यांच्या मेजवान्यांत पाहुण्यांना पेय वाढत. त्या पाहुण्यांत दिवसा त्यांच्याकडून धडा घेतलेले लोक असत. १९७१ साली या शिष्यांनीच त्यांचं तैलचित्र करवून हॉपकिन्सला दिलं. १९७६ साली विद्यापीठानं त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. ती वैद्यकाची नव्हती, कायद्याची होती. शल्यविभागात 'शिक्षक' ही नेमणूक त्यानंतरची. तोवर त्यांना बाल्टिमोरला येऊन पस्तीस वर्षं झाली होती.